पात्यावरची रेघ

तळोदा,
ता. १२ डिसेंबर १९४३

ती. भिलादादा यांस, सिंधूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र माझ्या हातचं आहे हे बघून तुम्हाला नवल वाटेल. या घरात येऊन मला दहा वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्ही चार-पाच वेळा मुंबईहून आलात, पण पदर पुढे ओढल्याशिवाय मी तुमच्यासमोर उभी राहिले नाही आणि एक शब्द बोलले नाही. जेठाशी, थोरल्या दिराशी, बोलू नये अशी आपल्यात रीत आहे. पत्राचं काय, ते मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, लिही.

दिवसकार्य सगळं झालं. तुम्हाला रजा मिळाली नाही हे बाबांना सांगितलं. तुमच्या भावाला ताप नऊ दिवस होता. हिवतापाचं कोयनेल तळोद्यात नव्हतं, नंदुरबारला माणूस पाठवला तर तिथेही नव्हतं. लढाईवर जातं म्हणाले. दहाव्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते, तेव्हा झालं. बायका मला अजून विचारतात, रडलीस का. मी रडले नाही. का, ते मला माहीत नाही. पाणी भरते, भाकरी टाकते, बाबांना वाढते. हात आपापलं करतात.

आता काम. धानोऱ्याचा माझा भाऊ येऊन गेला. तो म्हणतो ऐरण, भाता विकून टाका, बाबांना मुंबईला पाठवा आणि तू माझ्याकडे चल. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ते चाळीत कसे राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते भात्यापाशी जाऊन बसलेले होते.

त्याच दिवशी नथमल शेठ आले. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्यासाठी त्यांना बांबू चिरायच्या साठ सुऱ्या हव्यात. मोलगीकडचे लोक घेतात. तुटक्या लॉरीच्या कमानीचे पाटे त्यांनीच आणून टाकलेत. मी हो म्हटलं.

घण मी दहा वर्षं मारला आहे. पातं घडवता येईल. पण पात्याला पाणी द्यायचं काम तुमचे भाऊ एकटे करत. दार लोटून घेत आणि मला बाहेर बसवत. रंग कोणता, पाणी कसं, पातं वाकलं तर काय, यातलं मला काही येत नाही. बाबांना रंग विचारला तर म्हणतात, पळसाच्या फुलाचा. पण पळसाचं फूल उन्हात वेगळं दिसतं आणि सावलीत वेगळं. तुम्ही बाबांकडे शिकलात आणि आता कारखान्यात हेच काम करता. मला लिहून कळवा. सौ. शोभाबाईंना नमस्कार.

आपली,
सिंधू


कुर्ला, मुंबई,
ता. २६ डिसेंबर १९४३

चि. सिंधुबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रजेसाठी मी साहेबापुढे तीनदा उभा राहिलो. लढाईच्या मालाचं काम आहे, कुणालाच सोडत नाहीत. भाऊ गेला म्हणून सांगितलं तर म्हणाला, इथे सगळ्यांचेच भाऊ जातायत. त्या दिवशी मी पाळी पूर्ण केली. पुढे काय लिहू.

लोटन दार लोटत होता ते तुझ्यापासून लपवायला नव्हे. उजेडात पोलादाचा रंग कळत नाही, म्हणून अंधार करावा लागतो. तूही तसंच कर.

पातं घडवून झालं की लगेच पाणी देऊ नको. लाल करून हवेत गार होऊ दे, असं तीनदा. ठोकताना त्याच्या अंगात जो ताण राहतो तो त्यानं निघतो. मग शेवटचं तापव. बाबांचा पळसाचा रंग खरा, पण तुला ओळखता येईपर्यंत मी पार्सलने एक चुंबक पाठवतो आहे. तापलेलं पातं त्याला लावून बघ. धरलं तर अजून कच्चं आहे. धरायचं सोडलं की आणखी दोन श्वास आगीत ठेव आणि पाण्यात घाल.

पाणी कोमट असू दे. टोक खाली करून पातं सरळ उभं बुडव. आडवं घातलं तर एक बाजू आधी गार होते आणि पातं तिकडे ओढलं जातं. बुडवल्यावर हलवू नको. हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम असतानाच काढ. वाकलेलं दिसलं तर तेवढ्या वेळात दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ कर. वीस मोजेपर्यंतच ते ऐकतं. गार झालं की त्याच्यावर हातोडा उचलायचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं.

म्हणून ते पाणी थोडं उतरवावं लागतं. पातं घासून चकचकीत कर आणि निखाऱ्यांवर जाड पत्रा ठेवून त्यावर ठेव. आधी पिकल्या गव्हाचा रंग चढेल, मग तांबूस, मग जांभळा. तांबूस दिसायला लागला की काढ. त्यानंतर पातं शहाणं होतं. तेव्हाही वाक राहिला असेल तर पुन्हा थोडं ऊन करून हळूहळू काढता येतो.

कारखान्यात आता रंग बघावा लागत नाही. भट्टीला काटा आहे, काटा जागेवर आला की घंटा होते. बारा वर्षांत मी आगीकडे नीट पाहिलेलंच नाही. वरचं सगळं बाबांनी शिकवलेलं आठवून लिहिलं आहे.

बाबांना सांग, भिला दिवाळीला येईल.

तुझा,
भिलादादा

ता. क. पाकिटावर नावाच्या आधी गं. भा. लिहायला हवं होतं. लिहायला बसलो आणि लिहिलं नाही.


तळोदा,
ता. ३० जानेवारी १९४४

ती. भिलादादा यांस सा. नमस्कार.

चुंबक मिळालं. पोस्टमननं पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं. मी पाकीट घेतलं.

चोवीस सुऱ्या तयार झाल्या. बाबा भाता मारतात, मी ठोकते. दुपारी दार लोटून पाणी देते. पहिल्या पाचांपैकी दोन पाण्यातच तडकल्या. मग हात बसत गेला. चुंबकाची आता फार गरज पडत नाही, रंग कळायला लागला आहे. तुम्ही लिहिलंत तसंच सगळं करते.

पण पाती वाकतात. सरळ उभी घातली तरी वाकतात. दहातली सहा तरी काकडीसारखी बाहेर येतात. वीस मोजेपर्यंत एक सरळ होतं. तोवर दुसरं भट्टीत जास्त तापतं. त्याला पाणी द्यायला वळले की पहिलं गार झालेलं असतं. मदतीला दुसरं कुणी नाही. काही पाती तशीच वाकडी एका बाजूला ठेवली आहेत.

एक सहज विचारते. पात्याच्या पाठीवर केसासारखी बारीक रेघ दिसली, तर सहाणेवर घासून ती जाते का. म्हणजे वरची गेली की आतलीही जाते का.

नथमल शेठ आठवड्याला येऊन बघून जातात. चांगले बोलतात. माझा भाऊ पुन्हा आला होता. भोंगऱ्या होऊ दे, मग बघू, असं मी त्याला सांगितलं.

बाबांची तब्येत आहे तशी आहे. उत्तर जरा लवकर पाठवा.

आपली,
सिंधू


कुर्ला,
ता. ३ मार्च १९४४

चि. सिंधुबाईस आशीर्वाद.

उत्तराला महिना झाला याची माफी असावी. आम्हाला दोन-दोन पाळ्या लावल्या होत्या. घरी येऊन नुसतं पडायचो. तुझं पत्र शोभाने डब्याखाली जपून ठेवलं होतं, ते काल हाती आलं.

रेघेचं विचारलंस. ती घासून जात नाही. वरून दिसेनाशी होते, आत तशीच राहते. रेघ दिसली की ते पातं ऐरणीवर मोडायचं आणि तुकडे भंगारात टाकायचे. बाबा विळ्याच्या बाबतीत हेच करत. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी अकरा विळे मोडले होते, तेव्हा मी लहान होतो.

वाकडी पाती गार ठोकून सरळ केली नाहीस ना. तसं केल्यानेच बहुतेक वेळा रेघ येते. वाकडी असतील तर पुन्हा लाल करून पहिल्यापासून सगळं कर. वेळ जातो, पण दुसरा उपाय नाही.

बाजार आठवड्यावर आला असेल. जेवढ्या होतील तेवढ्याच दे.

तुझा,
भिलादादा


तळोदा,
ता. २० मार्च १९४४

ती. भिलादादा यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र होळीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. बाजार त्याआधी झाला. साठच्या साठ सुऱ्या गेल्या. नथमल शेठ खूश आहेत, पावसाळ्याआधी विळे करून मागतात. ऐरण विकायचं आता कुणी बोलत नाही. भाऊ धानोऱ्याला परत गेला.

बाबांना थोडा खोकला आहे. बाकी ठीक.

आपली,
सिंधू


कुर्ला,
ता. २४ एप्रिल १९४४

चि. सिंधुबाईस आशीर्वाद.

मुंबईच्या गोदीत स्फोट झाले ते तुम्हाला तिकडे कळलं असेल. आम्ही लांब आहोत, सगळे सुखरूप आहोत. चाळीच्या भिंती हादरल्या तेवढंच. बाबांना काळजी करू नका म्हणावं.

तुझं पत्र पाळीवरच्या लोकांना वाचून दाखवलं. एका बाईनं आंधळ्या म्हाताऱ्याला घेऊन साठ पाती उतरवली, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. आमचा फोरमन म्हणाला, तिला इथे आण. सगळे हसले. मला बरं वाटलं. लोटन गेल्यापासून मला कशाचंच बरं वाटलं नव्हतं.

रेघेबद्दल तू पुढे काही लिहिलं नाहीस, म्हणजे तसं काही निघालं नसणार. उगाच शंका घेतली असशील. नव्या माणसाला तशी शंका येते, ती चांगलीच.

विळ्याचं काम घे. विळा जाड असतो, तो वाकत नाही. तुला सोपं जाईल.

तुझा,
भिलादादा


तळोदा,
ता. ११ जून १९४४

ती. भिलादादा यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र आल्याला महिना होऊन गेला. विळे केले नाहीत. आज सगळं लिहिते.

भोंगऱ्याला पाच दिवस उरले होते आणि नऊ पाती वाकडी पडून होती. पुन्हा लाल करायला कोळसा कमी होता आणि दिवसही नव्हते. दुपारी मी ती गारच ऐरणीवर घेतली आणि पोकळ बाजूने हलके-हलके ठोकली. सहा सरळ झाली. उरलेल्या तिनांच्या वेळी टिक असा आवाज आला. फार बारीक आवाज होता. बाबा भात्यावर होते. पहिल्या आवाजाला त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "पातं बोलनं का वं?"

मी म्हटलं, "नही बाबा, कोयसा फुटना."

त्यांनी पुन्हा भाता धरला. पुढच्या दोन आवाजांना काही विचारलं नाही.

तिन्हींच्या पाठीवर रेघ होती. ती घासल्यावर दिसेनाशी झाली. मग पत्र्यावर ठेवून पाणी उतरवलं, रंग छान आला. बाभळीच्या मुठी संपल्या होत्या, म्हणून या तिन्हींना सागाच्या बसवल्या. आणि दिल्या. तुम्हाला रेघेचं विचारलं होतं ते आधीच, एका पात्यावर तसं दिसलं होतं म्हणून. ते मी मोडलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. तुमचं पत्र उशिरा आलं हे खरं आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

वैशाखात रेवाबाई आली. ती मोलगीकडच्या पाड्यावरची, बाजाराला टोपल्या घेऊन येते. ती म्हणाली, आमच्याकडच्या जामसिंगची सुरी मोडली आणि हात गेला. मी मूठ कशाची होती ते विचारलं. तिला माहीत नव्हतं. मी तिच्याबरोबर निघाले. बाबांचं जेवण शेजारी सांगितलं. बाजाराहून परतणाऱ्या बायकांबरोबर दोन दिवस चाललो.

जामसिंग तिशीचा असेल. घरात तो, बायको गुलाबबाई आणि दोन लहान मुली. टोपल्या आणि कणग्या विणून राहतात. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. मी लोहारीण आहे कळल्यावर त्याने मला बसायला खाट दिली. त्याला वाटलं मी मोडकी सुरी न्यायला आले. छपरात खोचलेले दोन तुकडे त्याने काढून दिले आणि मोठ्या तुकड्याची एक लहान सुरी होईल का, असं विचारलं. बांबूत खडा असेल, माझाच हात चुकला, असं तो म्हणत होता. मूठ सागाची होती.

डाव्या हाताची तीन बोटं आतून कापली गेली होती. जखम भरली आहे. बोटं जागेवर आहेत, पण मिटत नाहीत. त्याने बाभळीचा काटा घेतला आणि माझ्यासमोर एकेका बोटात टोचून दाखवला. रक्त आलं. त्याचं तोंड जरासुद्धा हललं नाही. काही लागत नाही, म्हणाला. मला कौतुक वाटावं तसं तो दाखवत होता.

मी तुकड्यांची तोंडं उजेडात धरली. जिथे मोडली होती तिथे अर्धा भाग नवा, चांदीसारखा होता. अर्धा भाग काळा होता. काळा भाग आधीच फाटलेला, पत्र्यावर तापताना आतपर्यंत काळा पडलेला. हे कुणाही लोहाराला कळेल. त्याला कळलं नव्हतं. मी तुकडे घेऊन परत आले असते तर त्याला कधीच कळलं नसतं.

मी त्याला काळा भाग दाखवला. रेवाबाई मध्ये बसून एकमेकांचं बोलणं आम्हाला सांगत होती. मी म्हटलं, "ही फट तुझ्या हातात यायच्या आधीची आहे. माझ्याकडून पडली. मला माहीत होतं."

त्याने तुकडा घेऊन काळ्या भागावरून अंगठा फिरवला. मग त्याने एकच विचारलं, "मग बाजारात दिली कशाला?"

मी म्हटलं, बाजार जवळ आला होता.

तो उठून बाहेर गेला आणि अंगणात पाठ करून बसला. गुलाबबाई इतका वेळ दारात उभी होती. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. तिने आत येऊन आपला उजवा हात माझ्यापुढे जमिनीवर पालथा ठेवला आणि रेवाबाईला काहीतरी सांगितलं. रेवाबाईने मला त्याचा अर्थ सांगितला. आता बांबू मी चिरते. त्याची जुनी सुरी माझ्या हाताला मोठी होते. माझ्या हाताची कर, आणि ती मोडू नको देऊ. तिचा हात माझ्या पदराच्या टोकावर ठेवून मी चुलीतल्या कोळशाने त्याच्याभोवती खूण काढली.

उरलेल्या दोन सुऱ्या मी विचारत फिरले. एक मोलगीजवळ एका घरी मिळाली, ती घेऊन त्यांना माझी घरातली सुरी दिली. तिसरी मिळाली नाही. रेवाबाई बाजारात सगळ्यांना सांगते आहे.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माले तवयच समजेल व्हतं." मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "मी तुले इचारं. तू नही म्हनी." एवढंच. त्यानंतर दोन दिवस ते जेवायला बसले पण माझ्याकडून वाढून घेतलं नाही, हाताने चाचपून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट पुढे केलं.

दादा, मला हे लिहायचं होतं की तो काटा टोचत होता तेव्हाही मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. मी फक्त बघत होते. परत येताना दोन दिवस चालले तेव्हाही काही नाही. माझ्यात काय बिघडलं आहे ते मला कळत नाही. तुम्ही पाळीवर सगळ्यांना माझं कौतुक सांगितलंत. त्यांना आता हेही सांगा.

आपली,
सिंधू


कुर्ला,
ता. २ जुलै १९४४

चि. सिंधुबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. तुला रागवावं असं पहिल्यांदा वाटलं. म्हणून ते फाडलं. दुसऱ्यांदा तुझी समजूत काढायला बसलो. तेही फाडलं.

माझं ऐक. परवा आमच्या भट्टीवर मी एका जुन्या कारागिराला विचारलं, कमानीच्या पाट्याची पातळ पाती पाण्यात घातली तर काय होईल. तो म्हणाला, वाकतील, नाहीतर तडकतील. पातळ पात्याला पाणी सोसत नाही. त्याला तेल लागतं. तेल हळू गार करतं. आमच्या कारखान्यात सगळी पाती तेलातच जातात. बारा वर्षं मी ती रोज तेलात घालतो आहे. आणि तुला मी पाणी लिहिलं, कारण बाबा विळ्याला पाणी देत ते मला आठवत होतं. लोटन सुऱ्यांना काय वापरत होता ते मी कधी विचारलंच नाही. तुझी दहातली सहा पाती वाकत होती ती माझ्यामुळे. तू पत्रात स्पष्ट लिहिलं होतंस की सगळं मी सांगितलं तसंच करतेस. मी महिन्याने उत्तर दिलं आणि तेव्हाही मला उमगलं नाही.

हे मी तुझं ओझं कमी करायला लिहीत नाही. गार पात्यावर हातोडा तू उचललास आणि ती सुरी तू दिलीस. ते तुझं आहे. पण वाक माझा आहे.

तिळाचं तेल महाग असेल. तिकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं, ते चालेल. मडकं नको, फुटून तेल पेटेल. लोखंडी डबा घे, झाकण जवळ ठेव. तेल हाताला ऊन लागेल एवढं तापव. वाक तरी थोडा येईलच. सरळ करायला एका जाड लाकडात बोटभर खोल खाच पाड, पाणी उतरवलेलं पातं ऊन असताना त्यात घालून हळूच दाब दे. आमच्याकडे तसंच करतात. लाकडाचं चित्र मागे काढलं आहे.

तुझ्यात काय बिघडलं ते मला कळत नाही. लोटन गेल्याची तार आली त्या दिवशी पाळी पूर्ण करून येताना मी भाजी घेतली, हे मी तुला लिहिलं नव्हतं. भाव पण केला.

बाईची सुरी आधी कर. बाकीचं राहू दे.

तुझा,
भिलादादा


तळोदा,
ता. २९ ऑक्टोबर १९४४

ती. भिलादादा यांस सा. नमस्कार.

दिवाळीला तुमची वाट बघितली. रजा मिळाली नसेल. बाबांनी विचारलं नाही, म्हणून मीही त्यांना काही सांगितलं नाही.

पावसाळाभर मी विकायला काहीच केलं नाही, फक्त नांगराचे बोथट फाळ तापवून ठोकून शेवटले आणि मोहाच्या तेलात पाती घालून बघितली. एकदा तेल पेटलं, झाकण टाकलं. तेलात आवाज वेगळा येतो, चर्र न होता गुरगुरल्यासारखा. बाबांना तो आवडत नाही. पण पाती वाकायची फार कमी झाली. दहात एखादं. खाचेचं लाकूड मी चिंचेचं केलं. पातं ऊन असताना त्यात घालून दाबलं की हाताला कळतं, ते किती देतंय आणि कुठे थांबायचं. हे लिहून सांगता येणार नाही, तुम्हीही सांगू शकला नसता.

गुलाबबाईच्या सुरीसाठी चार पाती केली. पहिलं चांगलं होतं तरी मोडून बघितलं. आतून सगळं एकसारखं राखाडी, बारीक दाण्याचं होतं. दुसरं थोडं वाकलं, ते सरळ केलं, पण मला नको वाटलं. तिसरं ठेवलं. चौथं सोबतीला केलं होतं. बाबांनी तिसऱ्याच्या पाठीवरून नख फिरवलं, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. मग दोन बोटांत लोंबतं धरून ऐरणीवर वाजवलं आणि मला परत दिलं. मूठ पदरावरच्या खुणेला लावून केली.

तिसरी सागाच्या मुठीची सुरी अजून सापडली नाही. रेवाबाईने सगळ्या पाड्यांवर विचारलं. ती कुणाच्या घरात आहे, कुणाच्या हातात आहे, मला माहीत नाही. मोडली असेल किंवा नसेल. बाजाराच्या दिवशी लोक धार लावायला येतात तेव्हा मी आधी मुठी बघते. हे आता असंच राहणार असं दिसतं.

गेल्या मंगळवारी गुलाबबाई स्वतः आली. त्याच्या दोन दिवस आधी वर्षश्राद्ध झालं होतं. जामसिंग आला नव्हता. तो दिवसभर अंगणात बसतो आणि मुलींना सांभाळतो, असं तिने सांगितलं. आता तिची-माझी थोडी भाषा जुळते, काही शब्दांनी, काही हातांनी. मी सुरी दिली. कुंपणाला टेकलेला एक ओला बांबू तिने ओढून घेतला, उकिडवी बसली आणि टोकापासून चिरत गेली. मी बाजूला उभी होते. पेराला सुरी अडली तेव्हा तिने पूर्ण जोर दिला. बांबू उभा चिरला गेला. तिने दोन्ही फाका माझ्यापुढे ठेवल्या आणि सुरी कमरेला खोवली.

लांबून आली होती म्हणून मी तिला जेवायला थांबवलं. भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा होता. ती घरभर बघत होती. बाबांकडे बघितलं, भिंतीला लावलेल्या मोठ्या घणाकडे बघितलं. मग तिने मला विचारलं, तुझा माणूस कुठे आहे.

दादा, वर्षभरात मी लोकांना ते गेले असं सांगितलं आहे, तुम्हाला झालं असं लिहिलं आहे. तिच्या भाषेत मला तेवढं फिरवून बोलता येत नाही. मी म्हटलं, "मेला."

तिने मान हलवली. बाबा जेवत होते, त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी तव्यावरची भाकरी उलटली. गुलाबबाईने ताट पुढे केलं आणि अजून एक मागून घेतली.

आपली,
सिंधू